जुनं टेस्ट इक्विपमेंट घेताना: कोणती झीज चालते, कोणती नाही

जुना स्कोप (ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) किंवा मल्टिमीटर पाहायला गेलं की नजर आधी ओरखड्यांवर जाते. ओरखड्यांनी मोजमाप बिघडत नाही. रॅकमध्ये बसवलेलं यंत्र कोणी हात न लावता वर्षानुवर्षं चोवीस तास चालू राहिलेलं असू शकतं. त्याचं पॅनल कोरं करकरीत दिसतं, आतला पंखा, कपॅसिटर आणि डिस्प्ले मात्र पार थकलेले असतात. उलट, विद्यार्थ्यांनी हाताळून अक्षरं उडालेला स्कोप दिवसाला तास-दोन तासच चाललेला असतो. त्याचे नॉब आणि बीएनसी (सिग्नलच्या केबलचे गोल कनेक्टर) तेवढे ढिले झालेले असतात.

म्हणून यंत्र समोर आलं की दोष दोन प्रकारांत वाटायचे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, पंखा, बॅटरी, फ्यूज, साधे रिले, बीएनसी, नॉब हे सगळं बाजारात मिळतं आणि सोल्डरिंग येणारा माणूस ते बदलू शकतो. पण कंपनीने स्वतःपुरता बनवलेला हायब्रिड आयसी (एकाच आवरणात अनेक भाग जोडलेला), सीआरटी (काचेची चित्रनळी, म्हणजे ट्यूब), स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचा इनपुट मिक्सर (आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग), स्टेप अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल टप्प्याटप्प्याने कमी करणारा भाग), यिग ऑसिलेटर (चुंबकीय क्षेत्राने फ्रिक्वेन्सी बदलणारा) या गोष्टी मिळाल्याच तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून मिळतात. पहिल्या प्रकारातले दोष भाव कमी करून घ्यायला उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारातला एक जरी दोष निघाला, तर ते यंत्र फक्त सुट्या भागांच्या भावात घ्यावं, नाहीतर सोडून द्यावं.

जाहिरात आणि फोटो

"चालू होतं" या शब्दांचा अर्थ एवढाच की पॉवर सप्लाय जिवंत आहे. फोटोत फक्त कंपनीचा लोगो किंवा सुरुवातीची पाटी दिसत असेल, तर त्यापुढे एरर येतो असंच धरून चाला. विकणाऱ्याकडे हे फोटो मागा: सगळे चॅनल चालू असताना प्रत्येकावर प्रोब कॉम्पेन्सेशनचा सिग्नल (स्कोप स्वतःच देतो ती चाचणीची चौकोनी लहर), सेल्फ टेस्ट संपल्यानंतरची स्क्रीन, मागच्या बाजूची सीरियल नंबर आणि ऑप्शनची (जादा सुविधांची) पट्टी, आणि प्रत्येक कनेक्टर जवळून. जमलं तर यंत्र रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू करतानाचा व्हिडिओही मागा. सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थंड असताना जास्त त्रास देतो. आधीच तापवून ठेवलेलं यंत्र तो दोष लपवतं.

कॅलिब्रेशनचे (मोजमाप प्रमाणाशी जुळवल्याचे) स्टिकर नीट वाचा. तारखा अलीकडच्या असतील तर यंत्र कामात होतं आणि त्याची निगा राखली जात होती. "मर्यादित कॅलिब्रेशन" असं लिहिलं असेल तर कुठली तरी रेंज किंवा चॅनल मोजमापात बसलं नव्हतं किंवा तपासलंच नव्हतं. ते नेमकं कोणतं, हे विचारलंच पाहिजे. एचपीच्या (ह्यूलेट-पॅकार्ड) जुन्या यंत्रांवर सीरियल नंबरचे पहिले चार अंक कामाचे असतात: पहिल्या दोनमध्ये १९६० मिळवले की वर्ष येतं, पुढचे दोन म्हणजे आठवडा. २७३२ए म्हणजे १९८७ चा ३२ वा आठवडा. ही तारीख त्या रचनेतल्या शेवटच्या मोठ्या बदलाची असते, त्यामुळे ते विशिष्ट यंत्र त्यानंतर तयार झालेलं असतं. आतल्या आयसींवरचा चार अंकी डेट कोड, म्हणजे आधी वर्ष आणि मग आठवडा, हे ताडून पाहायला उपयोगी पडतो. एखाद्याच आयसीचा कोड बाकीच्यांपेक्षा बराच नवा असेल तर तिथे दुरुस्ती झालेली आहे.

सोबत काय मिळणार हेही लिहून घ्या. लॉजिक अ‍ॅनालायझरचे पॉड (सर्किटला जोडायच्या प्रोबच्या जोडण्या) आणि केबल नसतील तर बहुतेक वेळा तो डबा घेण्यात अर्थ नसतो, कारण सुटे पॉड शोधताना यंत्रापेक्षा जास्त पैसे जातात.

वीज लावण्याआधी

यंत्र हळूच एका बाजूला कलतं करा. आत काही खडखडलं तर झाकण उघडल्याशिवाय वीज लावू नका. सुटलेला स्क्रू सप्लायवर पडून शॉर्ट करू शकतो. मागचा व्होल्टेज सिलेक्टर तुमच्याकडच्या विजेला जुळतो का, आणि फ्यूज पट्टीवर लिहिलेल्या रेटिंगचाच आहे का, ते पाहा. मोठ्या रेटिंगचा फ्यूज किंवा फ्यूजच्या जागी तार सापडली तर आत काहीतरी वारंवार फ्यूज उडवत होतं असं धरा. मल्टिमीटरने प्लगची अर्थ पिन आणि उघडी धातूची चेसी यांच्यातला रेझिस्टन्स मोजा; तो १ ओहमच्या आत हवा. फेज आणि न्यूट्रलपासून चेसीपर्यंत मात्र मीटरने ओपन, म्हणजे जोडणीच नाही असं दाखवलं पाहिजे.

१९७० ते १९९० च्या दशकांतल्या यंत्रांत मेन्सच्या वाटेवर रिफा कंपनीचे मेटलाइज्ड पेपर कपॅसिटर सापडतात. पारदर्शक पिवळट-तपकिरी आवरण आणि त्यावर बारीक तडे, ही त्यांची ओळख. तड्यांतून ओलावा आत जातो, आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र चालू केल्यावर काही मिनिटांत कपॅसिटर फुटून दाट, उग्र वासाचा धूर निघतो. यंत्र बहुधा वाचतं, पण धुरामुळे घबराट उडते आणि काजळी सगळीकडे बसते. तडे दिसले की वीज लावण्याआधीच ते काढून तेवढ्याच कपॅसिटन्सचे एक्स२ वर्गाचे (मेन्सच्या दोन तारांमध्ये लावायचे) पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर बसवा. चेसीकडे जाणाऱ्या कपॅसिटरच्या जागी मात्र वाय वर्गाचाच लागतो.

खूप दिवस बंद असलेल्या, ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या यंत्राला सिरीजमध्ये बल्ब लावून चालू करणं चांगलं. स्विच-मोड सप्लायला हा उपाय चालत नाही: व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो आणि अर्धवट सुरू होऊन अडकतो. व्हेरिअ‍ॅकने हळूहळू व्होल्टेज चढवणंही त्याला मानवत नाही.

सीआरटीच्या यंत्राचं झाकण उघडणार असाल तर एक गोष्ट विसरू नका: वीज काढल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो. तो कसा उतरवायचा हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय अ‍ॅनोडच्या टोपीला हात लावायचा नाही.

ऑसिलोस्कोप

अर्धा तास तापू द्या. तोवर पंख्याचा आवाज ऐका. बेअरिंग गेलेला पंखा घरघरतो किंवा उशिरा सुरू होतो. बराच काळ बंद पंख्यावर चाललेल्या यंत्रातले कपॅसिटर वयापेक्षा म्हातारे असतात.

पहिली चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मोलाची. स्कोप चालू ठेवून प्रत्येक चॅनल डीसी कपलिंगवर घ्या आणि दुसऱ्या मल्टिमीटरने बीएनसीवरचा रेझिस्टन्स मोजा. १ मेगाओहमच्या सेटिंगला वाचन १ टक्क्याच्या आसपास जुळलं पाहिजे. मग ५० ओहमच्या सेटिंगला मोजा. हा आतला रेझिस्टर साधारण ५ व्होल्ट आरएमएसपुरताच असतो. कोणीतरी त्यावर मोठा सिग्नल दिलेला असेल तर वाचन ५४, ७० किंवा थेट ओपन येतं. स्क्रीनवर हा दोष पटकन कळत नाही. मल्टिमीटरने मात्र तो दहा सेकंदांत सापडतो.

पुढे अ‍ॅटेन्युएटर. प्रोब कॉम्पेन्सेशनचा १ किलोहर्ट्झ सिग्नल सरळ वायरने किंवा १एक्स प्रोबने द्या आणि व्होल्ट प्रति डिव्हिजनचा प्रत्येक टप्पा फिरवून पाहा. सिग्नल १ व्होल्ट पीक-टू-पीक असेल तर ०.२ वर ५ घरं, ०.५ वर २ घरं, १ वर १ घर भरलं पाहिजे. एखाद्याच टप्प्यावर उंची चुकत असेल, किंवा बोटाने टकटक केल्यावर बदलत असेल, तर त्या टप्प्याचा रिले किंवा स्विचचा कॉन्टॅक्ट काळवंडलाय. तोच टप्पा तीस-चाळीस वेळा पुढे-मागे करा. वाचन सुधारलं तर साफसफाईने काम भागेल. सुधारलं नाही तर अ‍ॅटेन्युएटर जळलेला असू शकतो, आणि जुन्या स्कोपमध्ये तो बहुधा हायब्रिड असतो.

इनपुट ग्राउंडवर ठेवून सगळ्यात संवेदनशील टप्प्यावर चॅनलांचा नॉइज एकमेकांशी ताडून पाहा. एकाच चॅनलची रेघ बाकीच्यांपेक्षा जाड असेल तर इनपुटच्या पहिल्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरने मार खाल्लाय.

बँडविड्थ (स्कोपला नीट दाखवता येणारी फ्रिक्वेन्सीची मर्यादा) खरी आहे का, हे तपासायला तेज कड, म्हणजे झटकन चढणारा सिग्नल हवा. राइज टाइम, म्हणजे कड चढायला लागणारा वेळ, येतो ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ३.५ नॅनोसेकंद. १ नॅनोसेकंदाची कड दिली तर दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.६ नॅनोसेकंद दिसलं पाहिजे. ७४एसी१४ सारख्या श्मिट ट्रिगर आयसीने आणि छोट्या जोडणीने एक-दोन नॅनोसेकंदांची कड खिशात मावेल अशा बोर्डवर तयार होते. जुनी यंत्रं पाहायला जाणाऱ्याने असा एक बोर्ड बनवूनच ठेवावा. एका चॅनलवर १७ नॅनोसेकंद दिसले तर घाबरू नका, आधी २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू राहिली आहे का पाहा.

सीआरटीच्या स्कोपमध्ये ट्यूबचं आयुष्य मोजायचं असेल तर सगळ्यात वेगवान स्वीप (रेघ आडवी सरकण्याचा वेग) लावा, वर १० पट मॅग्निफायर, आणि १ किलोहर्ट्झसारखा कमी वेळा येणारा सिग्नल. चांगल्या ट्यूबवर अंधाऱ्या खोलीत कड दिसते. थकलेल्यावर ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही काहीच दिसत नाही, किंवा रेघ फुगून धूसर होते. मग यंत्र बंद करून स्क्रीनकडे तिरक्या प्रकाशात पाहा. मधोमध तपकिरी आडवी रेघ असेल तर ती फॉस्फरवर (स्क्रीनच्या चमकणाऱ्या थरावर) जळून उमटलेली आहे. ती कधीच जात नाही.

काही मॉडेलांचे दोष ठरलेले आहेत. टेक्ट्रॉनिक्स २४४५ आणि २४६५ मध्ये यू८०० हा हॉरिझॉन्टल आउटपुटचा आयसी फार तापतो आणि तो गेला की दुसरं यंत्र फोडूनच मिळतो, म्हणून हे स्कोप तासभर चालवून आडवी रेघ आकसते का ते पाहावं. २४६५बी च्या नंतरच्या यंत्रांत कंट्रोल बोर्डावरचे छोटे सरफेस-माउंट कपॅसिटर गळून ट्रॅक खातात. टेक्ट्रॉनिक्सच्याच टीडीएस ५००, ६०० आणि ७०० मालिकांची तीच व्यथा: हवेच्या जाळीजवळ नाक नेलं तर मासळीसारखा वास येतो, आणि सेल्फ टेस्टमध्ये अ‍ॅक्विझिशन फेल दाखवतं. लवकर सापडलं तर बोर्ड धुऊन, कपॅसिटर बदलून वाचतं. ट्रॅक आणि बोर्डाच्या थरांमधली भोकं हिरवी पडली असतील तर ते काम फार चिवट आहे.

डिजिटल स्कोपला संथ त्रिकोणी लहर द्या. रेघेत ठरावीक उंचीवर पायऱ्या किंवा मोकळ्या जागा दिसल्या तर एडीसीचा (सिग्नलचे आकडे करणाऱ्या आयसीचा) एखादा बिट अडकलाय. एकाच लहरीच्या दोन समांतर रेघा दिसल्या तर आळीपाळीने चालणाऱ्या एडीसींचा ताळमेळ सुटलाय; आधी सेल्फ कॅलिब्रेशन चालवून पाहा, कारण पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

बॅटरीवर टिकलेलं कॅलिब्रेशन

हा मुद्दा इतक्या वेळा नजरेआड होतो की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी. बऱ्याच यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असतात. एचपी ३४७८ए मध्ये बोर्डावर सोल्डर केलेली ३ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे. एचपी ३४५८ए आणि टेक्ट्रॉनिक्स २४६५बी मध्ये डॅलस कंपनीचे चिप आहेत, ज्यांत बॅटरी चिपच्या आतच बंद केलेली असते आणि तिचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरलेलं असतं. बॅटरी मेली की आकडे पुसले जातात आणि यंत्राला पूर्ण कॅलिब्रेशन लागतं. याउलट एचपीच्याच ३४४०१ए मल्टिमीटरमध्ये हे आकडे बॅटरीशिवाय टिकतात.

म्हणून असं यंत्र घेतलं की पहिलं काम आकड्यांची प्रत काढण्याचं. ३४७८ए मधून ते जीपीआयबीवरून (यंत्र कॉम्प्युटरला जोडायच्या केबलवरून) वाचता येतात. डॅलसचा चिप चालू असतानाच त्याची बॅटरी मेली असेल का, या विचारात पडू नका. सुरू होताना कॅलिब्रेशनचा एरर येत नसेल तर आकडे आज आहेत, आणि प्रत आजच काढायची. सोल्डर केलेली बॅटरी बदलताना आधी समांतर दुसरा ३ व्होल्टचा सप्लाय जोडा, त्यात एक छोटा डायोड टाका, सोल्डरिंग आयर्न मेन्सपासून सुटं ठेवा, आणि मगच जुनी बॅटरी काढा.

मल्टिमीटर

बेंच मल्टिमीटरच्या निळ्या-हिरव्या, स्वतः उजळणाऱ्या व्हीएफडी डिस्प्लेची झीज ओळखायची एक युक्ती आहे. क्वचित पेटणारी चिन्हं, म्हणजे मॅथ किंवा ट्रिगरची अक्षरं, मुद्दाम पेटवा आणि त्यांची चमक अंकांशी ताडून पाहा. चिन्हं लखलखीत आणि अंक मंद असतील तर मीटर हजारो तास चाललाय.

इनपुट शॉर्ट करून सगळ्यात लहान रेंजवर शून्य किती स्थिर राहतं ते पाहा. एक साधी ९ व्होल्टची बॅटरी १० आणि १०० व्होल्टच्या रेंजवर मोजा, मग टोकं उलटी करून पुन्हा मोजा. आकडे मीटरच्या अचूकतेच्या आत जुळले पाहिजेत. इनपुटला मार बसलाय का, ते कळायला १० मेगाओहमचा रेझिस्टर इनपुटवर टाका आणि हाय-इम्पीडन्स मोडमध्ये वाचा. ३४४०१ए चा बायस करंट (मीटरच्या इनपुटमधून आपोआप वाहणारा करंट) खोलीच्या तापमानाला ३० पिकोअँपिअरच्या आत हवा, म्हणजे या रेझिस्टरवर ०.३ मिलिव्होल्टच्या आत. कित्येक मिलिव्होल्ट दिसले तर बोर्डावर घाण आहे किंवा इनपुट जळलेलं आहे. आधी आयसोप्रॉपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण सुकवून पुन्हा मोजा.

हातातल्या मीटरमध्ये झाकण काढून फ्यूज बघाच. करंट रेंजचा महाग हाय-रप्चर (मोठा करंट सुरक्षितपणे तोडणारा) फ्यूज उडाल्यावर लोक तिथे काचेचा साधा फ्यूज बसवतात. मोठ्या व्होल्टेजवर चूक झाली तर असा मीटर हातात फुटू शकतो. डिस्प्लेवरचे फिके अंक मात्र किरकोळ दोष आहे. रबरी संपर्कपट्टी आणि बोर्डावरचे पॅड पुसले की बहुधा परत उमटतात.

पॉवर सप्लाय आणि जनरेटर

सप्लायची खरी परीक्षा लोडवर होते. १२ व्होल्टला ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर लावला की २ अँपिअर आणि २४ वॉट होतात. व्होल्टेज टर्मिनलवरच मोजा, वायरच्या टोकाला नाही. स्कोपवर मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची करवतीसारखी लहर दिसली तर फिल्टर कपॅसिटर सुकलेत. मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीची दिसली तर ब्रिजचा एक डायोड गेलाय. व्होल्टेजचा नॉब अगदी हळू फिरवत स्कोपवर नजर ठेवा. झिजलेल्या पोटेन्शिओमीटरचा संपर्क क्षणभर सुटला की काही सप्लाय थेट पूर्ण व्होल्टेजवर उडी मारतात आणि पुढचं सर्किट जळतं. मागच्या सेन्स टर्मिनलांच्या (जिथून सप्लाय स्वतःचं व्होल्टेज वाचतो) पट्ट्या नसल्यामुळे चुकीचं व्होल्टेज देणारे चांगले सप्लायही "बिघडलेले" म्हणून विकायला येतात, तेव्हा आधी तिथे पाहा.

फंक्शन जनरेटरला ५० ओहमचं टर्मिनेशन लावल्यावर अँप्लिट्यूड बरोबर निम्मं झालं पाहिजे. पूर्ण अँप्लिट्यूडवर साइन लहरीचं एकच टोक चपटं होत असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टरांपैकी एक बाजू गेली आहे. बाहेरून डीसी उलटा घुसला की असं होतं. एचपी ८६४०बी सिग्नल जनरेटरमध्ये प्लास्टिकचे गिअर तडकतात, त्यामुळे त्याचा प्रत्येक रेंज-नॉब पूर्ण फिरवून पाहा.

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर

कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे हे दाखवणाऱ्या या यंत्रात सगळा पैसा इनपुटमध्ये असतो. एचपीच्या ८५९१ई ला स्वतःचं ३०० मेगाहर्ट्झ, −२० डीबीएमचं कॅलिब्रेशन आउटपुट आहे; ते इनपुटला जोडा आणि अ‍ॅटेन्युएटर १० पासून ६० डीबीपर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. सिग्नलची उंची साधारण १ डीबीच्या आत टिकली पाहिजे आणि नॉइज प्रत्येक टप्प्याला १० डीबीने वर आला पाहिजे. एखाद्या टप्प्यावर सिग्नल ढासळला तर त्या टप्प्याचा पॅड (सिग्नल कमी करणारा तुकडा) जळलाय. सगळ्याच टप्प्यांवर सारखाच कमी असेल तर संशय मिक्सरवर. ० डीबीची वाटही तपासा, पण त्या वेळी छोटाच सिग्नल द्या, कारण तिथे मिक्सरला आडोसा नसतो.

इनपुटचा एन कनेक्टर भिंगातून पाहा. मादी कनेक्टरच्या मधल्या बोटांनी पिन घट्ट धरली पाहिजे. ती फाकलेली असतील तर बहुधा कोणीतरी ७५ ओहमच्या बारीक कनेक्टरमध्ये ५० ओहमची जाड पिन कोंबलेली असते. पिन ठरल्या पातळीपेक्षा पुढे आलेली असेल तर ती तुमच्या चांगल्या केबलही खराब करेल.

फ्रिक्वेन्सी काउंटर तपासताना त्याचंच १० मेगाहर्ट्झ आउटपुट त्याच्याच इनपुटला देऊन अचूक आकडा आला म्हणून खूश होऊ नका. घड्याळ कितीही चुकलेलं असलं तरी असं वाचन १० मेगाहर्ट्झच येतं. अचूकता पाहायला दुसरा स्रोत लागतो. शिवाय वरच्या फ्रिक्वेन्सीचं वेगळं इनपुट स्वतंत्र तपासा, कारण त्यातला प्रीस्केलर (फ्रिक्वेन्सीला भागून कमी करणारा आयसी) मोठ्या सिग्नलने लवकर मरतो. एलसीआर मीटरचा (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणाऱ्या) घात चार्ज असलेल्या कपॅसिटरने होतो. मूल्य माहीत असलेले तीन-चार भाग लावून प्रत्येक रेंज तपासून पाहा.

घरी आणताना आणि आणल्यावर

पार्सलने येणार असेल तर दोन खोक्यांत, मध्ये चारी बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर घट्ट फोम, आणि नॉबवर कुठेही दाब येणार नाही अशी बांधणी लेखी मागा. निघणारे प्लग-इन (यंत्रात सरकवायचे सुटे भाग) वेगळे काढून पाठवायला सांगा. वाटेत नुकसान झालं तर तक्रारीसाठी खोकं उघडतानाचे फोटो लागतात.

आल्यावर आधी सप्लायचे सगळे व्होल्टेज आणि त्यांवरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. ते बरोबर येईपर्यंत एकाही ट्रिमरला (वाचन जुळवायच्या छोट्या स्क्रूला) स्क्रूड्रायव्हर लावू नका. सुकलेल्या कपॅसिटरमुळे चुकणारं वाचन ट्रिमरने ओढून जागेवर आणलं, तर कपॅसिटर बदलल्यावर तेच वाचन दुसऱ्या बाजूला चुकतं आणि मूळ सेटिंग कायमचं हरवतं. ट्रिमर हलवावाच लागला तर आधी त्याच्या खाचेची दिशा फोटोत घ्या.